सहाव्या मजल्यावरील विद्यार्थिनी

मादाम क्यूरी म्हटले की रेडियम आठवते, १९०३ आणि १९११ ची दोन नोबेल पारितोषिके आठवतात. हे सारे आपण शाळेतच पाठ केले आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. रेडियमविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. या थोर बाईंच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, एवढाच माझा साधा प्रश्न आहे.

मारिया स्क्लोदोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा शहरी झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. ती दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. पोलंडवर तेव्हा रशियाच्या झारचा अंमल होता. १८८३ साली सुवर्णपदक मिळवून मारिया शाळेतून बाहेर पडली, पण वॉर्साच्या विद्यापीठाचे दार मुलींना बंद होते. पॅरिसचे उघडे होते. परंतु तिथे जायला पैसा कुठला?

थोरली बहीण ब्रोन्या हिला डॉक्टर व्हायचे होते. दोघींनी आपसात ठरवले. आधी ब्रोन्याने पॅरिसला जायचे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्याचे शिक्षण संपले की तिने मारियाला बोलवायचे. १८८६ च्या आरंभी, अवघ्या अठराव्या वर्षी, मारिया एका दूरच्या खेड्यात मोठ्या शेतमळ्याच्या कारभाऱ्याकडे मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. रात्री ती एकटीच अभ्यास करी. गणित अडले की वडिलांना पत्र लिही. खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ती चोरून पोलिश वाचायला शिकवी. सरकारला कळते तर शिक्षाच होती. त्या घरच्या थोरल्या मुलाचे आणि तिचे मन जुळले, पण पगारावर राहणारी गरीब मुलगी त्याच्या आईवडिलांना सून म्हणून चालेना. अपमान गिळून ती तिथेच राहिली, कारण ब्रोन्याचे पैसे चुकवून चालणार नव्हते. प्रयोगशाळेतल्या कष्टांपेक्षा मला हे धैर्य मोठे वाटते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली. फीच्या पावतीवर नाव एकाचेच असते.

नोव्हेंबर १८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोहोचली. जर्मनीतला प्रवास चौथ्या वर्गाच्या डब्यातून, बसायला स्वतःची घडीची खुर्ची घेऊन! दोनच वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या आयफेल मनोऱ्याचे ते शहर. नाटके, संगीत, माणसांनी फुललेली उपाहारगृहे. तेराव्या शतकापासून नावाजलेल्या सोरबोनच्या जुन्या इमारती पाडून तेव्हा नवे बांधकाम चालले होते. वर्गात मुली मोजक्याच. आपल्याला फ्रेंच चांगले येते असे तिला वाटे, पण प्राध्यापक भरभर बोलू लागले की वाक्येच्या वाक्ये निसटत. गणितही कच्चे राहिले होते. मराठी शाळेतून येऊन इंग्रजीचा तास ऐकणाऱ्यांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

ब्रोन्याच्या घरी पाहुण्यांचा राबता फार आणि विद्यापीठ घोड्याच्या बसने तासाभराच्या अंतरावर. म्हणून तिने विद्यापीठाजवळ सहाव्या मजल्यावर, छपराखालची एक खोली घेतली. कोळसा स्वतःच वर न्यायचा. हिवाळ्यात भांड्यातले पाणी गोठे. मग असतील नसतील तेवढे कपडे पांघरुणावर टाकून ती निजे. दिवे आणि ऊब वाचावी म्हणून रात्री दहापर्यंत ग्रंथालयात बसे. पाव, लोणी आणि चहा यांवर राहून एकदा तिला घेरी आली, तेव्हा डॉक्टर मेहुण्याने घरी नेऊन जेवू घातले. अशा उपासमारीचे आपल्याकडे फार कौतुक होते. मला ते पटत नाही. भुकेने कोणाची बुद्धी वाढल्याचे ऐकिवात नाही.

१८९३ मध्ये ती पदार्थविज्ञानात पहिली आली. पुढे पैसाच नव्हता. नेमकी त्याच वेळी पोलिश विद्यार्थ्यांसाठी असलेली सहाशे रुबलांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९४ मध्ये गणिताची पदवी दुसऱ्या क्रमांकाने पदरात पडली. १८९५ मध्ये पिएर क्यूरींशी विवाह झाला. पुढे पोलादाच्या चुंबकत्वावरील कामाचे पहिले पैसे हाती येताच तिने सहाशे रुबल बाजूला काढले आणि शिष्यवृत्ती परत पाठवली. फेडीची अट नव्हती. देणारेही चकित झाले.

१९०६ मध्ये पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून वारले. त्यांच्या जागी मादाम क्यूरी शिकवू लागल्या. सोरबोनमध्ये अध्यापन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी दोन वर्षे, मे १९३२ मध्ये, वॉर्सात रेडियम संस्था उघडली. तिथल्या रुग्णांसाठीचे एक ग्रॅम रेडियम मादाम क्यूरींनी मिळवून दिले होते, आणि संस्थेच्या संचालक होत्या डॉक्टर ब्रोन्या.