मार्गरिट विल्डनहाइन

मार्गरिट विल्डनहाइन (जन्मनाव: मार्गरिट फ्रीडलेंडर, ११ ऑक्टोबर, इ.स. १८९६:ल्यों, फ्रान्स - २४ फेब्रुवारी, इ.स. १९८५:गर्नव्हिल, कॅलिफोर्निया, अमेरिका) या जर्मन-अमेरिकन कुंभार, शिक्षिका आणि लेखिका होत्या. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी त्या एक होत. उत्तर कॅलिफोर्नियातील पाँड फार्म येथे त्यांनी सुमारे तीन दशके चालविलेले उन्हाळी कुंभारकामाचे वर्ग अमेरिकेतील हस्तकला शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात.

सुरुवातीचे जीवन

मार्गरिट यांचे वडील जर्मन ज्यू, तर आई इंग्लंडमध्ये जन्मलेली होती. त्यामुळे त्यांचे बालपण व शालेय शिक्षण फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड अशा तीन देशांत विभागले गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बर्लिनमध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आणि त्यानंतर थुरिंगिया प्रांतातील रूडोलश्टाट येथील पोर्सेलीन कारखान्यात नक्षीकाम व आरेखनाचे काम केले. कारखान्यात भांड्याचा आकार एकाचा, साचा दुसऱ्याचा आणि नक्षी तिसऱ्याची अशी कामाची विभागणी असे. संपूर्ण भांडे एका हाताने घडावे ही ओढ त्यांना याच काळात लागली. इ.स. १९१९ मध्ये वायमार येथे त्यांच्या पाहण्यात वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांचा जाहीरनामा आला. कलावंत आणि कारागीर यांच्यातील भिंत पाडण्याचे आवाहन त्यात होते. मार्गरिट यांनी नोकरी सोडून नव्याने निघालेल्या बाउहाउसमध्ये प्रवेश घेतला.

डॉर्नबुर्ग येथील उमेदवारी

बाउहाउसची कुंभारशाळा वायमारमध्ये नव्हती. ती साले नदीकाठच्या डॉर्नबुर्ग या लहानशा गावी, राजवाड्याच्या जुन्या तबेल्यांमध्ये, इ.स. १९२० मध्ये सुरू झाली. बाउहाउसच्या पद्धतीप्रमाणे येथे दोन गुरू होते. आकाराचे शिक्षण शिल्पकार गेरहार्ड मार्क्स देत, तर हाताचे काम माक्स क्रेहान शिकवीत. क्रेहान हे पिढीजात कुंभार असून त्या गावात हा व्यवसाय टिकवून ठेवणारे ते शेवटचे कारागीर होते. गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचे घडे, वाडगे व साठवणीची भांडी ते बनवीत.

डॉर्नबुर्गमधील दिनक्रम कष्टाचा होता. विद्यार्थी एकत्र राहत, एकत्र जेवत, माती तयार करीत आणि भट्टीसाठी जंगलातून लाकूडही आणीत. भट्टी लागली की रात्रभर आळीपाळीने जागावे लागे. बाउहाउसमध्ये मुलींना शक्यतो विणकाम विभागाकडे वळविले जाई आणि कुंभारशाळेतही त्यांना घेण्यास ग्रोपियस व मार्क्स फारसे उत्सुक नव्हते. तरीही मार्गरिट येथे पूर्ण काळ टिकल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी आपले खरे शिक्षण याच तबेल्यात झाल्याचे मानले. बाउहाउसचे नाव आज काच, पोलाद आणि यंत्रयुगाशी जोडले जाते, परंतु मार्गरिट यांनी पुढे नेलेले बाउहाउस हे उस्ताद आणि उमेदवार यांचे, जुन्या कुंभारवाड्याच्या वळणाचे होते. त्यांच्या अमेरिकेतील शाळेचे स्वरूप समजण्यासाठी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

हाले येथील कार्य

इ.स. १९२५ मध्ये बाउहाउस देसाऊ येथे हलविण्यात आले आणि डॉर्नबुर्गची शाळा बंद पडली. मार्गरिट या मार्क्स यांच्यासोबत हाले शहरातील बुर्ग गीबिखेनश्टाइन या कलाशाळेत गेल्या व तेथील कुंभारकाम विभागाच्या प्रमुख झाल्या. याच सुमारास त्यांनी उस्ताद कुंभाराची परीक्षा उत्तीर्ण केली. ही पदवी मिळविणाऱ्या त्या जर्मनीतील पहिल्या महिला समजल्या जातात. इ.स. १९३० मध्ये त्यांचा विवाह त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेले कुंभार फ्रान्झ विल्डनहाइन यांच्याशी झाला. तेही डॉर्नबुर्गचेच विद्यार्थी होते.

हाले येथे असताना मार्गरिट यांनी बर्लिनच्या सरकारी पोर्सेलीन कारखान्यासाठी चहा-कॉफीचे व जेवणाचे संच तयार केले. इ.स. १९३० मधील 'हाले' या नावाचा संच त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. साधे गोलाकार पोट, हातात नीट बसणारा कान आणि नक्षीविना पांढरा पृष्ठभाग ही त्याची वैशिष्ट्ये होत. कागदावरील आरेखनापेक्षा चाकावर घडविलेल्या आकारातून कारखान्याचा नमुना काढण्यावर त्यांचा भर होता. हाताने काम करणाऱ्या कुंभाराने यंत्राकडे पाठ फिरवावी असे त्यांचे मत तेव्हा नव्हते. त्यांच्या नंतरच्या शिकवणुकीकडे पाहणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब बहुधा निसटते.

देशत्याग

इ.स. १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर येताच ज्यू असल्यामुळे मार्गरिट यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. त्यांची बाजू घेणाऱ्या मार्क्स यांनाही त्याच वर्षी पद गमवावे लागले. मार्गरिट आणि फ्रान्झ नेदरलँड्समधील पुटेन या गावी गेले व तेथे त्यांनी 'लहान सुरई' या अर्थाच्या डच नावाने कुंभारशाळा उघडली.

इ.स. १९३९ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील वास्तुविशारद गॉर्डन हर युरोपात आले. हर व त्यांची पत्नी जेन यांना कॅलिफोर्नियाच्या ग्रामीण भागात कलावंतांची वसाहत वसवायची होती. शेती करून पोट भरणारे, एकत्र राहून काम करणारे आणि शिकविणारे कलावंत त्यांना हवे होते. पुटेन येथे त्यांनी विल्डनहाइन दांपत्याला या वसाहतीचे निमंत्रण दिले. मार्च १९४० मध्ये, नेदरलँड्सवर जर्मनीचे आक्रमण होण्यापूर्वी जेमतेम दोन महिने, मार्गरिट जहाजाने अमेरिकेला निघाल्या. फ्रान्झ यांना जर्मन नागरिक असल्यामुळे प्रवेशपरवाना मिळाला नाही. ते मागे राहिले, पुढे जर्मन सैन्यात भरती केले गेले आणि पती-पत्नीची भेट थेट इ.स. १९४७ मध्ये झाली.

पाँड फार्म

ओकलंड येथील कला महाविद्यालयात दोन वर्षे शिकविल्यानंतर इ.स. १९४२ मध्ये मार्गरिट हर दांपत्याच्या जागेवर राहावयास गेल्या. सोनोमा काउंटीतील गर्नव्हिलजवळ, रेडवुड वृक्षांच्या जंगलाच्या वर डोंगरावर ही जागा होती. तेथील तळ्यावरून तिला पाँड फार्म हे नाव पडले. धान्याच्या जुन्या कोठाराचे रूपांतर कुंभारशाळेत करण्यात आले. घर बांधणे, भाजीपाला पिकविणे, भट्टी उभारणे ही सर्व कामे त्यांनी केली.

वसाहतीची औपचारिक कार्यशाळा इ.स. १९४९ मध्ये सुरू झाली. विल्डनहाइन दांपत्याबरोबर विणकर ट्रूड गेर्मोंप्रे आणि धातुकारागीर व्हिक्टर रीस येथे शिकवीत. गेर्मोंप्रे यांचे शिक्षण हाले येथेच झाले होते व युद्धात त्यांनी पती गमावला होता. मात्र हा प्रयोग चार वर्षेही नीट चालला नाही. प्रबळ स्वभावाच्या माणसांचा हा लहानसा समूह होता. वसाहतीचे नेतृत्व कोणाकडे आणि कामाचा वाटा कोणाचा किती, यांवरून वाद वाढत गेले. इ.स. १९५० मध्ये फ्रान्झ पूर्वेकडील रोचेस्टर येथे अध्यापनासाठी निघून गेले आणि पुढे या दांपत्याचा घटस्फोट झाला. इ.स. १९५२ मध्ये जेन हर यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सामुदायिक कार्यशाळा बंद पडली. ज्या वसाहतीसाठी मार्गरिट महासागर ओलांडून आल्या होत्या ती संपली. कोठार, चाके आणि त्या स्वतः एवढेच मागे उरले. त्यांनी तेथेच राहून एकट्याने वर्ग चालू ठेवले.

उन्हाळी वर्ग

दरवर्षी उन्हाळ्यात नऊ आठवडे चालणाऱ्या या वर्गाला सुमारे वीस विद्यार्थी येत. महाविद्यालयीन तरुण, शाळाशिक्षक, व्यावसायिक कुंभार असे सर्व प्रकारचे लोक त्यांत असत. कोठारात पायाने फिरवावयाची चाके ओळीने मांडलेली होती. पूर्वीचा अनुभव कितीही असो, प्रत्येकाला प्रारंभ एकाच भांड्यापासून करावा लागे: कुत्र्यासमोर ठेवतात तसे सरळ काठाचे, बसके भांडे. ते जमल्याशिवाय पुढचा आकार मिळत नसे. स्वतःची भट्टी व दुकान असलेल्या कुंभारांना हे जड जाई.

बसक्या भांड्यानंतर कुंड्या, वाडगे, गळ्याच्या बाटल्या, कान व तोटी असलेल्या किटल्या असा क्रम असे. प्रत्येक आकारात आधीच्या आकारातील एखादे कौशल्य गृहीत धरलेले असे. गोळा चाकाच्या मध्यावर आणणे, भिंत खालपासून वरपर्यंत सारख्या जाडीची उचलणे, काठ नीट बसविणे आणि वाळत आलेल्या भांड्याचे बूड छिलणे या गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्या लागत. मार्गरिट स्वतः चाकावर बसून दाखवीत आणि मग विद्यार्थ्यांमधून फिरत दोष सांगत. त्यांचे बोलणे स्पष्ट, प्रसंगी कठोर असे.

विद्यार्थ्यांची भांडी सहसा भाजली जात नसत. तयार झालेली कच्ची भांडी पाहून, त्यांवर चर्चा करून ती मोडली जात व माती पुन्हा भिजत घातली जाई. उन्हाळ्याच्या शेवटी विद्यार्थी रिकाम्या हातांनी घरी जात. नेण्यासारखी वस्तू डोळ्यांसमोर असली की शिकणारा चूक लपवू लागतो, अशी या पद्धतीमागील भूमिका होती. झिलईच्या रसायनांना व भट्टीच्या तंत्राला तेथे दुय्यम स्थान होते आणि हे वर्ग एकांगी असल्याचा आक्षेपही त्यावरून घेता येतो. दुसरीकडे निसर्गनिरीक्षण, रेखाटन आणि झाडाखाली बसून होणाऱ्या कला व जीवनाविषयीच्या गप्पा हा शिक्षणाचाच भाग होता. चाकांच्या ओळीत शेजाऱ्याचे हात पाहत, एकाच मातीच्या ढिगातून गोळे घेत नऊ आठवडे काढल्यामुळे विद्यार्थ्यांमध्ये दीर्घकाळ टिकणारे संबंध निर्माण झाले. अनेक जण पुढील उन्हाळ्यांतही परत येत.

उरलेल्या वर्षात मार्गरिट स्वतःची भांडी घडवीत आणि त्यांच्या विक्रीवर उदरनिर्वाह करीत. उत्तरायुष्यातील त्यांच्या भांड्यांवर व फरशांवर मानवी आकृती कोरलेल्या आढळतात.

बर्नार्ड लीच यांच्याशी मतभेद

ऑक्टोबर १९५२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेज येथे झालेल्या परिसंवादात मार्गरिट यांच्यासह इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार शोजी हामादा आणि विचारवंत सोएत्सु यानागी सहभागी झाले. अमेरिकन कुंभारांना स्वतःच्या परंपरेचे मूळ नाही, असे लीच यांचे मत होते. त्याला मार्गरिट यांनी इ.स. १९५३ मध्ये 'क्राफ्ट होरायझन्स' या नियतकालिकातून जाहीर पत्राद्वारे उत्तर दिले. अमेरिकेची मुळे एक नसून अनेक आहेत आणि जपानी वळणाची नक्कल करून ती सापडणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. तीन देश सोडून आलेल्या व्यक्तीने हे लिहिले असल्याने त्या पत्राला वेगळे वजन प्राप्त झाले.

लेखन

त्यांची तीन पुस्तके प्रसिद्ध आहेत: कुंभारकामातील आकार व अभिव्यक्ती यांविषयीचे 'पॉटरी: फॉर्म अँड एक्स्प्रेशन' (१९५९), आत्मचरित्रात्मक 'द इन्व्हिजिबल कोअर' (१९७३) आणि अमेरिका खंडातील आदिवासींविषयीचे, त्यांच्या रेखाटनांसह असलेले पुस्तक (१९७९).

अखेरची वर्षे व वारसा

इ.स. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया राज्याने ऑस्टिन क्रीक या मनोरंजन क्षेत्रासाठी पाँड फार्मची जमीन ताब्यात घेतली. राहती जागा पुन्हा गमावण्याची वेळ मार्गरिट यांच्यावर आली होती. मात्र त्यांना हयातभर तेथे राहण्याची व काम करण्याची मुभा देण्यात आली. शेवटचा वर्ग इ.स. १९८० मध्ये झाला, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. त्यानंतर पाच वर्षांनी पाँड फार्म येथील त्यांचे वास्तव्य मृत्यूनेच संपले.

त्यांचे विद्यार्थी डीन श्वार्ट्झ यांनी पत्नीसह आयोवा राज्यात साउथ बेअर ही उन्हाळी कुंभारशाळा काढली. आयोवातील डेकोरा येथील लूथर कॉलेजात मार्गरिट यांच्या भांड्यांचा मोठा संग्रह आहे. पाँड फार्मचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करण्यात आला असून कोठार व त्यांचे घर राज्य उद्यान विभागाकडे आहे.