भूल मोजून देणारा डॉक्टर : जॉन स्नो

ऑपरेशन म्हटलं की सर्जनचं नाव घरात सगळ्यांना पाठ असतं. पण भूल देणारे डॉक्टर कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणूनच भूल सुरक्षित व्हावी यासाठी झटलेल्या एका डॉक्टरची ओळख आपण करून घेऊया.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. वडील मजूर. नऊ भावंडांत जॉन सगळ्यांत मोठे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका डॉक्टरांकडे उमेदवारीला लागले. पुढे लंडन गाठून त्यांनी शिक्षण पूर्ण केलं आणि १८४४ मध्ये एम.डी. पदवी मिळवली.

त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे जिवंतपणी मरणयातना! रुग्णाला चार-चार जण धरून ठेवत. १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे ईथरच्या भुलीचा यशस्वी प्रयोग झाला आणि काही आठवड्यांतच ती लाट लंडनला पोहोचली. पण अडचण होती. कुणाला भूल चढायचीच नाही, तर कुणाला जास्त व्हायची. असं का होतं? स्नो यांनी मुळापासून विचार केला. हवा गरम असेल तर ईथरची वाफ जास्त होते, थंड असेल तर कमी. म्हणजे डॉक्टर तोच, औषध तेच, पण मात्रा रोज वेगळी! मग त्यांनी तापमानानुसार वाफेचं प्रमाण सांगणारा तक्ता बनवला आणि पाण्याच्या साहाय्याने तापमान स्थिर ठेवणारं उपकरण तयार केलं. भुलीच्या पाच पायऱ्याही त्यांनी १८४७ च्या पुस्तकात सांगितल्या.

त्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. वापरायला सोपं, रुमालावर ओतायचं की झालं. पण २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना काही मिनिटांतच दगावली. नखासारखी किरकोळ गोष्ट, आणि जीव गेला! सगळे हादरले. स्नो यांनी अशा मृत्यूंच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. रुमालावरून श्वासात नेमकं किती औषध जातं हे कळत नाही, वाफ एकदम दाट झाली तर हृदय थांबू शकतं, असं त्यांचं मत बनलं. औषध सोडून देण्यापेक्षा ते मोजून द्यावं, हा त्यांचा मार्ग. आपल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ते वहीत ठेवत.

१८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिलं. ५३ मिनिटं, रुमालावरूनच, पण थोडं थोडं मोजून. राणीला पूर्ण बेशुद्ध होऊ दिलं नाही. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा मृत्यूंची मोजदाद करून दोष तिथल्या पंपाच्या पाण्यात आहे हे दाखवणारेही हेच स्नो!

१६ जून १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, ते गेले. क्लोरोफॉर्मवरचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात क्लोरोफॉर्मने झालेल्या ५० मृत्यूंचा अभ्यास आहे. स्वतःच्या क्षेत्रातलं अपयश न लपवता त्यांनी ते मांडून ठेवलं.

आज भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर रुग्णाची नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवतात. मुळाशी विचार तोच : अंदाज नको, मोजमाप हवं.

पालकहो, यात आपलाही वाटा आहे. मुलाचं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधी भेटा. कशाची अ‍ॅलर्जी, कोणती औषधं चालू आहेत, आधी भूल दिली होती का, सर्दी-खोकला आहे का, सगळं सांगा. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर रडतंय म्हणून गुपचूप दूध-बिस्कीट देऊ नका. भुलीत पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आणि शिक्षक मित्रहो, विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन शिकवताना स्नो यांचा तक्ता जरूर सांगा. तापमानाच्या त्या साध्या धड्याने माणसांचे जीव वाचवायला मदत केली, हे मुलं विसरणार नाहीत.