चित्रातलं घर आणि घरातली चित्रकार

नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की पुढचे काही दिवस मासिकं आणि कॅटलॉग चाळण्यात जातात. हॉलला रंग कोणता, सोफा कसा, पडदे कसे... सगळं अगदी फोटोतल्यासारखं हवं असतं. मग हौसेनं घेतलेल्या त्या पांढऱ्या सोफ्यावर मुलं चढली की आपण ओरडतो. पाहुणे यायच्या आधी कव्हर काढायचं, ते गेले की पुन्हा घालायचं. वर्षभरानं लक्षात येतं, या सुंदर सोफ्यावर आपण घरातली माणसं कधी नीट बसलोच नाही!

खोली सुंदर हवी की राहण्याजोगी? सव्वाशे वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या एका खेड्यात राहणाऱ्या आठ मुलांच्या आईनं हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला होता. तिचं नाव करिन लार्सन. तिच्या घरातल्या खोल्या पुढे जगभर गाजल्या. नाव मात्र बरीच वर्षं झालं ते तिच्या नवऱ्याचं!

करिनचा जन्म 3 ऑक्टोबर 1859चा, स्वीडनमधल्या ओरेब्रू गावचा. माहेरचं आडनाव बेर्यो. वडील व्यापारी, घरात सुबत्ता. मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे म्हटल्यावर घरच्यांनी तिला स्टॉकहोमला शिकायला पाठवलं. आधी कलाकौशल्याची शाळा आणि मग 1877पासून थेट रॉयल अॅकॅडमी. तिथे मुलींसाठी वेगळा विभाग होता. पाच वर्षं तिनं तिथे रीतसर शिक्षण घेतलं. हौस म्हणून नव्हे, तर चित्रकार व्हायचं म्हणून.

1882 साली ती फ्रान्सला गेली. पॅरिसपासून फार लांब नसलेल्या ग्रे नावाच्या खेड्यात तेव्हा स्वीडन-नॉर्वेकडच्या चित्रकारांचा तळच पडलेला असायचा. नदी, जुना दगडी पूल, परसबागा आणि स्वच्छ ऊन. तिथेच तिची कार्ल लार्सनशी गाठ पडली. कार्लचं बालपण करिनच्या अगदी उलट. स्टॉकहोमच्या दरिद्री वस्तीत तो वाढला. आई लोकांचे कपडे धुवायची, वडील दारूच्या नादी लागलेले. आपलं म्हणावं असं घर त्याला कधी मिळालंच नव्हतं. दोघांचं जमलं. 1883मध्ये स्टॉकहोमला लग्न झालं, पुन्हा ग्रेला बिऱ्हाड केलं आणि पुढच्याच वर्षी सुझान जन्माला आली.

आणि करिनचा ब्रश खाली राहिला.

कुणी हातातून काढून घेतला असं नव्हे. पण त्या काळात दोन चित्रकारांचं लग्न झालं की चित्रकार एकच उरायचा, आणि तो कोण हे सांगायची गरज नसायची. तिच्याबरोबर शिकलेल्या कितीतरी जणींचं असंच झालं. सुझाननंतर उल्फ, पॉन्टुस, लिस्बेथ, ब्रिटा, मॅट्स, केर्स्टी आणि 1900 साली एस्ब्यॉर्न. सोळा वर्षांत आठ बाळंतपणं. पाच वर्षं ज्या हातांना अॅकॅडमीनं तयार केलं, ते हात आता दुपटी-लंगोट शिवत होते.

1888मध्ये करिनच्या वडिलांनी लेक-जावयाला एक छोटंसं लाकडी घर दिलं. फालुन शहराजवळच्या सुंडबॉर्न गावात, नदीकाठी. त्या घरात पूर्वी करिनच्या वडिलांच्या नात्यातल्या वृद्ध बायका राहायच्या. घराचं नाव ‘लिला हुत्नेस’. फालुनचा परिसर तांब्याच्या खाणीचा. ‘हुत्ता’ म्हणजे धातू गाळायची भट्टी आणि ‘नेस’ म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ. घर लहान, खोल्या ठेंगण्या. सुरुवातीला उन्हाळ्यापुरतं जायचं, पण 1901पासून कुटुंब तिथेच कायमचं राहायला गेलं.

तेव्हाची बऱ्या घरातली बैठकीची खोली कशी असायची? खिडक्यांना जाड मखमली पडदे, गडद रंगाच्या भिंती, काळपट पॉलिशचं जड फर्निचर, जागोजागी झालरी आणि शोभेच्या वस्तू. ही खोली पाहुण्यांसाठी राखीव. एरवी दार बंद, मुलांना आत मज्जाव. (आपल्या कव्हर घातलेल्या सोफ्याची ही पणजीच म्हणायची!)

करिननं आधी खिडक्या मोकळ्या केल्या. त्या भागात डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तेवढा उजेडही पडद्याआड अडवायचा म्हणजे काय? तिनं काचेच्या वरच्या बाजूला फक्त कापडाची बारीकशी पट्टी ठेवली आणि खाली खिडकीत कुंड्या मांडल्या. जुन्या घाटाच्या खुर्च्या होत्या, त्या टाकून नवीन आणल्या नाहीत. त्यांना पांढरा रंग दिला आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कव्हरं शिवली. धुवून पुन्हा घालता येतील अशी! जमिनीवर चिंध्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या लांबट सतरंज्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसं तिकडे फाटक्या कपड्यांची सतरंजी विणायची जुनी पद्धत आहे. शेतकऱ्याच्या घरातली ही वस्तू करिननं बैठकीच्या खोलीत आणून अंथरली. आणि खोलीचं दार मुलांना उघडं ठेवलं.

जेवणाच्या खोलीत मात्र पांढरं काही नाही. तिथे लाल आणि हिरवा. खेड्यातल्या कपाटा-पेट्यांवर असतात तसे ठसठशीत रंग. बसायच्या बाकामागे 1903मध्ये तिनं स्वतः विणलेला पट लावला. पंचमहाभूतं आपली पाच, युरोपातली चार. पृथ्वी, आप, तेज, वायू. तोच त्या पटाचा विषय. त्यात कुठेही हुबेहूब चित्र काढायचा आव नाही. सपाट रंग आणि सोपे आकार. युरोपात अमूर्त चित्रकलेचा बोलबाला व्हायच्या काही वर्षं आधी एक बाई जेवणाच्या खोलीत भिंतीवर हे लावत होती. पण ते पडलं विणकाम! त्याला कला कोण म्हणणार?

विल्यम मॉरिसचे विचार तेव्हा इंग्लंडमधून युरोपभर पसरत होते. हातानं बनवलेलं, साधं, उपयोगी असेल तेच सुंदर, असं मानणारी ती चळवळ. पण करिनला चळवळीइतकीच घाई रोजच्या गरजेची होती. मुलांना अंगभर एप्रन हवे होते, ते तिनं बेतले. स्वतःला सतत दिवस गेलेले, तेव्हा कंबर आवळणारे कपडे तिनं बाजूला ठेवले आणि सैल, लांब झगे शिवले. गावातल्या बायकांनीही तिच्या एप्रनचा बेत उचलला. तो आजही तिच्या नावानं ओळखला जातो.

घर वाढत गेलं तसं जुन्याला नवं जोडत गेलं. कार्लसाठी मोठा स्टुडिओ बांधला, तेव्हा जुना स्टुडिओ करिन आणि मुलांच्या वाट्याला आला. तिथे तिचं विणकाम आणि मुलांचा पसारा एकत्र नांदायचा. 1906मध्ये तिनं एका झुलत्या खुर्चीचा आराखडा केला आणि गावातल्या सुतारानं ती बनवली. सरळ पट्ट्या, नक्षीचा पत्ता नाही. तिची कुंड्या ठेवायची घडवंचीही तशीच. दोन्ही वस्तू आज कुठल्याही आधुनिक दुकानात ठेवल्या तरी कुणी हसणार नाही, इतक्या ताज्या वाटतात. कार्लच्या आणि तिच्या खोलीमधल्या दारात तिनं विणलेला एक पडदा लटकत असे. त्यावर लाल गुलाब. नाव ‘प्रेमाचा गुलाब’.

हे सगळं घरातल्या घरातच राहिलं असतं. पण 1894चा उन्हाळा पावसानं खाल्ला. कार्लला बाहेर बसून चित्रं काढता येईनात. घरात बसून तो चिडचिडा झाला. तेव्हा करिननंच सुचवलं म्हणतात, की मग घरातच काढ की चित्रं. एकेक खोली घे. कार्लनं जलरंग काढले. कोपऱ्यात शिक्षा म्हणून बसवलेला मुलगा, खिडकीतली फुलं, जेवणाचं टेबल, मुलांची झोपायची खोली. 1899मध्ये 24 चित्रांचं पुस्तक निघालं. नाव साधंच, ‘एक घर’. 1909मध्ये जर्मनीत त्याच्या घरचित्रांचं स्वस्त पुस्तक आलं आणि तीन महिन्यांत 40,000 प्रती खपल्या. घराघरांतल्या बायका ती चित्रं बघून आपल्या खोल्या मोकळ्या करू लागल्या. स्वीडिश घर म्हटलं की आज जे डोळ्यांपुढे येतं – फिक्या भिंती, भरपूर उजेड, साधं लाकूड, पट्ट्यांचं कापड – त्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे.

पण चित्रांखाली सही कार्लची. लोक म्हणायचे, काय सुंदर घर उभारलंय लार्सननं! चित्रातलं कापड कुणी विणलं, खुर्ची कुणी रंगवली, टेबलावरची फुलं कुणी लावली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. करिन त्या चित्रांत असते. शिवताना, वाचताना, बाळाला घेऊन. ती चित्राचा विषय होती. चित्रातला बहुतेक मजकूर तिचाच आहे, हे कळायला फार वर्षं गेली.

चित्रांत दिसतं तसं सदासर्वदा ऊनही त्या घरात नव्हतं. मॅट्स तान्हेपणीच गेला. थोरला उल्फ 1905मध्ये, ऐन तरुणपणी गेला. कार्लला मधूनमधून निराशेचे झटके यायचे, आणि घर तोलून धरायचं ते करिननं. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी त्यानं काढलेलं भलंमोठं चित्र 1916मध्ये नाकारलं गेलं, ते त्याच्या जिव्हारी लागलं. जानेवारी 1919मध्ये तो गेला. करिन त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि फेब्रुवारी 1928मध्ये तिनंही डोळे मिटले.

तिच्या नावाला न्याय मिळाला तो सावकाश. 1997मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं या घरावर मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात कार्ल आणि करिन अशी दोघांची नावं बरोबरीनं होती. लिला हुत्नेस आजही उभं आहे. त्यांच्या वंशजांनी ते जपलंय आणि लोक ते बघायला येतात. पुस्तकातली चित्रं डोळ्यांत घेऊन येतात आणि करिनच्या खोल्या बघून जातात.

आता मनात प्रश्न येतोच. ब्रश हातात राहिला असता तर करिन मोठी चित्रकार झाली असती का? कदाचित. ज्या काळानं तिला तो खाली ठेवायला लावला, त्याला माफ करायचं कारण नाही. पण ‘तिनं कला सोडली’ हेही खरं नाही. कॅनव्हास गेला तेव्हा तिनं भिंत घेतली, कापड घेतलं, खुर्ची घेतली. रंगाची जाण तीच, मांडणीची नजर तीच. फरक एवढाच, की तिच्या चित्रात माणसं राहू शकत होती. आणि आपण ते घरकाम समजून सोडून दिलं.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घर लावायला घ्याल तेव्हा कॅटलॉग जरा बाजूला ठेवा आणि करिनची पद्धत करून बघा. आधी नवीन वस्तू आणू नका, खिडकीतली अडगळ काढा. उजेड कुठून येतो ते दिवसभर बघा. आजेसासूबाईंची लाकडी खुर्ची माळ्यावर असेल तर खाली आणा, घासून-पुसून एकाच रंगात रंगवा. जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या काढून सतरंजी विणून घ्या. पायाखाली तीच साडी पुन्हा भेटते, त्याचं सुख वेगळंच. कव्हरं अशी शिवा की वरण सांडलं तर धुता येतील. सगळं एका महिन्यात पुरं करायचा अट्टहास नको. करिनचं घर वीस-बावीस वर्षं घडत होतं.

आणि एक राहिलंच. घर बघून पाहुणे वाहवा करतील तेव्हा ‘छे हो, सहज केलंय’ असं म्हणू नका. पडदे कुणी शिवले, रंग कुणी निवडला, हे आपल्या नावानिशी सांगा. हाताखालच्या शिंप्याचं, सुताराचं नावही सांगा. करिनला त्यासाठी फार वाट बघावी लागली.