वाटखर्च मागून पाली शिकलेले धर्मानंद
गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले. बुद्ध समजून घ्यायचा, एवढाच ध्यास. ना शिष्यवृत्ती, ना पाठीशी विद्यापीठ. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत ते नेपाळपर्यंत गेले. तिथे हाती निराशाच आली. पाली शिकायची तर सिलोनला जा, हे बोधगयेत कळले. पैसे मागून, मिळेल तसा प्रवास करून १९०२ मध्ये त्यांनी कोलंबो गाठले. विद्योदय विहारात सुमंगल महाथेरांजवळ पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

मदत मिळाली ती नंतर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट एकच महत्त्वाची : मुक्काम महाराष्ट्रात हवा. कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडून धर्मानंद आले. (१९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवणारे महाराज ते हेच.) १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी बोलावले. १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

सगळेच धर्मानंद नसतात. वाटखर्चाअभावी घरीच राहिलेल्यांची नोंद कुणी ठेवली? आज पाली विभागांत आपलीच मुले-मुली आहेत. त्यातल्या अनेकांनी अनुराधापूर फक्त फोटोत पाहिले आहे. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचे कोलंबोचे तिकीट निघावे, अशी आमची मागणी आहे.