एका चित्रासाठी तीस वर्षं

‘कॉपी’ म्हटलं की आपल्याला आठवतं सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जर्नल! पण मित्रांनो, दुसऱ्यांच्या चित्रांची कॉपी करण्यात एका माणसाने अख्खं आयुष्य घातलं आणि त्यातूनच युरोपभर नाव कमावलं. त्याचं नाव लुईजी कालामाता.

१८०१ साली इटलीतल्या चिव्हिताव्हेक्किया या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. रोममध्ये तो तांब्यावरचं कोरीवकाम शिकला आणि १८२३ मध्ये पॅरिसला गेला. तिथे अँग्र या नामवंत चित्रकाराशी त्याचं छान जमलं. १८३४ मध्ये नेपोलियनच्या मृत्यूनंतर घेतलेल्या मुखवट्याचं चित्र त्याने कोरलं, ते खूप गाजलं.

हे काम साधं नव्हतं. पोलादी टोकाची कोरणी तांब्याच्या पत्र्यावर ढकलायची आणि रेषा खोदायची. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून रुळाखाली दाबायचा. छाप उलटा उमटतो, म्हणून चित्रही उलटंच कोरायचं. रंग नाहीत, ब्रश नाही. गालावरची सावलीसुद्धा रेषा जाड की बारीक, जवळ की लांब, यावरच दाखवायची. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून, घासून पुन्हा सुरुवात. इथे ‘अनडू’ नव्हतं!

१८२० च्या दशकात त्याने मोनालिसा हातात घेतली. लिओनार्दोच्या त्या चेहऱ्याला कुठेच ठळक कडा नाही, सगळं धुरासारखं विरत जाणारं. आणि याच्या हातात फक्त रेषा! मध्ये १८३७ पासून ब्रसेल्सला कोरीवकाम शिकवणं, इतर कामं, संसार हे सगळं चालूच होतं. छाप बाहेर आला १८५७ मध्ये.

तोपर्यंत एक गडबड झाली होती. १८३९ मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली होती. जे काम त्याला तीस वर्षं पुरलं, ते पुढे कॅमेरा काही सेकंदांत करणार होता. तरीही त्याने पत्रा अर्धवट सोडला नाही. लूव्ह्रपर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या अनेकांनी मोनालिसा पाहिली ती अशाच छापांतून.

पुढे तो मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकवू लागला आणि १८६९ मध्ये त्याच शहरात वारला. त्याची मुलगी लीना ही लेखिका जॉर्ज सँडची सून.

टेक्नॉलॉजी बदलली की जुनं कौशल्य मागे पडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण एकेक सावली कशी बनते हे समजून घेतल्याशिवाय कालामाताला एक रेषही ओढता येत नव्हती. आपली कॉपी मात्र न वाचताच पूर्ण होते. फरक तिथे आहे.