लॉन्ड्रीतून आलेल्या सुटाचा ‘तो’ वास आणि मायकेल फॅरेडे

लग्नसराईत लॉन्ड्रीतून सूट घरी आला, प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की कधीकधी गोडसर, उग्र वास येतो. तो बहुतेक ‘पर्क’चा असतो. पूर्ण नाव टेट्राक्लोरोएथिलीन. ते पहिल्यांदा बनवणारा माणूस आपल्याला शाळेत विजेच्या धड्यात भेटलेला असतो. मायकेल फॅरेडे.

१७९१ चा जन्म, बाप लंडनमधला लोहार. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी गडी बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली आणि ती बांधून त्यांनाच पाठवली. त्याच वर्षी एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली. १८१३ मध्ये फॅरेडे त्यांचा सहाय्यक झाला आणि काही आठवड्यांतच त्याच स्फोटक रसायनाने त्यालाही जखमी केलं.

१८२१ च्या सुमारास त्याने क्लोरीन आणि कार्बनचं एक संयुग तापवून पर्क मिळवलं. १८२५ मध्ये बेन्झिन शोधलं. पुढे दोन्ही रसायनं कपडे धुवायला वापरली गेली. बेन्झिन पटकन पेट घेतं, पर्क घेत नाही. म्हणून १९३० नंतर पर्क जोरात चाललं.

आग टळली, पण वाफ राहिली. कर्करोगावर काम करणारी जागतिक संस्था आयएआरसी बेन्झिनला कर्करोगकारक आणि पर्कला बहुधा कर्करोगकारक मानते. सगळ्यात जास्त वाफ मशीन उघडणाऱ्या कामगाराच्या नाकात जाते. सांडलेलं पर्क पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलात खोल उतरतं. न्यूयॉर्कमध्ये तर दुकानांवरच्या घरांच्या हवेतही ते सापडलं. अमेरिकेने राहत्या इमारतींमधल्या पर्कच्या मशीन बंद करायला डिसेंबर २०२० ची मुदत दिली होती. खाली दुकान, वर बिऱ्हाडं ही गिरगाव-लालबागची नेहमीची रचना, त्यामुळे आपल्या इमारतीतला लॉन्ड्रीवाला फक्त कपडे गोळा करतो की धुलाईही तिथेच करतो, हे विचारायला हरकत नाही. आणि कव्हर काढून सूट दिवसभर गॅलरीत टांगा, थेट कपाटात नको.

यात फॅरेडेला दोष देता येत नाही. उलट १८५५ मध्ये बोटीतून जाताना थेम्स नदीची घाण पाहून तो अस्वस्थ झाला. पांढऱ्या कार्डाचे ओले तुकडे त्याने पाण्यात सोडले, ते इंचभरही खाली जाण्याआधी दिसेनासे झाले. हे त्याने पत्र लिहून ‘टाइम्स’मध्ये छापून आणलं. तीन वर्षांनी दुर्गंधीने संसदेचंच नाक दाबलं, तेव्हा कुठे गटारांचं मोठं काम मंजूर झालं. फॅरेडे १८६७ मध्ये गेला.