संत इग्नेशियस लोयोला : त्यागाचे ओझे उतरवणारा विद्यार्थी



आपण मुलांना नेहमी सांगतो, त्याग करावा, कष्ट सोसावेत. ते खरंच आहे. पण प्रत्येक त्याग चांगलाच असतो का? स्वतःला त्रास करून घेतला की देव प्रसन्न होतो का? या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी स्वतःच्या शरीरावर भोगून शोधलं, अशा एका ख्रिस्ती संतांची आज ओळख करून घेऊया.

इग्नेशियस यांचा जन्म 1491 साली स्पेनच्या बास्क भागात, लोयोला येथे एका सरदार घराण्यात झाला. मूळ नाव इनिगो. तरुणपणी त्यांना तलवार, मानसन्मान आणि भारी कपडे यांचं फार वेड. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. हाड नीट जुळलं नाही, म्हणून पुन्हा मोडून बसवलं. तरीही एक तुकडा वर आलेला दिसत होता. तंग बुटात तो वाईट दिसेल म्हणून त्यांनी तोही कापून घ्यायला लावला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, हे लक्षात घ्या!

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होती ती येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. ती वाचून त्यांचं मन पालटलं. पण स्वभाव तोच राहिला. संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केलं ते मीही करून दाखवीन, अशी जणू स्पर्धाच त्यांनी मनात सुरू केली. संतांचे उपास त्यांच्या डोळ्यांत भरले. त्यांची नम्रता, दया आणि तारतम्य मात्र अजून त्यांना कळलं नव्हतं.

1522 च्या मार्चमध्ये ते मॉन्तसेरातच्या मठात गेले. तलवार तिथे वाहिली, अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि स्वतः गोणपाटाचा झगा घातला. केवढा मोठा त्याग! पण पुढे काय झालं? एवढे भारी कपडे भिकाऱ्याजवळ कुठून आले, म्हणून लोकांनी त्या गरीब माणसाला चोर ठरवून छळलं. हे कळल्यावर इग्नेशियस यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याग केला यांनी, भोगावं लागलं दुसऱ्याला.

मान्रेसातले दिवस

तिथून ते जवळच्या मान्रेसा गावी आले आणि जवळजवळ एक वर्ष राहिले. भीक मागून खायचं, रोज सात तास गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायची. पूर्वी केसांचा फार नखरा होता, म्हणून आता केस विंचरणं, कापणं बंद. नखंही वाढू दिली.

पण मनाला शांती मिळाली का? नाही. उलट जुनी पापं आठवून ते बेचैन होऊ लागले. धर्मगुरूंकडे कबुली दिली, तरी एखादं पाप सांगायचं राहिलं असेल अशी शंका. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. शेवटी जीव नकोसा झाला. देव सुटका करीत नाही तोवर खायचंच नाही, असं ठरवून त्यांनी आठवडाभर अन्नाला स्पर्श केला नाही. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास मोडण्याची आज्ञा केली, तेव्हा ते जेवले.

दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचार. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की हे ओझं देवानं दिलेलंच नाही. ज्या विचारानं माणूस जगण्यालाच विटतो, तो देवाचा विचार कसा असेल? जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. हळूहळू केस-नखं कापायला लागले. झोपायच्या वेळी भक्तीचे सुंदर विचार येऊन झोप मोडायची. देवासाठी दिवसाचा एवढा वेळ दिलाच आहे, आता झोपलेलं बरं, असं म्हणून ते झोपू लागले. मात्र शरीराची हानी झाली होती. मान्रेसात ते गंभीर आजारी पडले. पुढे पोटाच्या दुखण्यानं आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

मुलांच्या बाकावर

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग. जेरुसलेमची यात्रा करून आल्यावर इग्नेशियस यांना वाटलं, लोकांना खरी मदत करायची तर शिकलं पाहिजे. 1524 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात ते लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसले. पण पाठांतराला बसले की मनात भक्तीचे गोड विचार यायचे आणि धडा राहून जायचा. प्रार्थनेच्या वेळी मात्र ते विचार एवढे यायचे नाहीत! मग हा मोह आहे हे त्यांनी ओळखलं. गुरुजींकडे जाऊन दोन वर्षं तास न चुकवण्याचं वचन दिलं. सात दिवस उपाशी राहण्यापेक्षा हा त्याग मला मोठा वाटतो.

पुढे पॅरिसला ते शिकले. तिथे फ्रान्सिस झेवियर त्यांचे खोलीसोबती होते, तेच झेवियर 1542 साली गोव्यात आले. 1540 मध्ये पोपनी त्यांच्या येशूसंघाला मान्यता दिली. संघात त्यांनी सर्वांसाठी ठरावीक देहदंड ठेवला नाही. 1548 साली फ्रान्सिस बोर्जा या सरदारांना त्यांनी पत्र लिहून कळवलं, की उपास कमी करा, पोट सांभाळा, अंगातून रक्त निघेल असे फटके मारून घेऊ नका. शरीरही देवाचंच आहे, असं त्यांचं सांगणं. त्याच वर्षी मेसिना येथे त्यांच्या संघानं शाळा काढली. 31 जुलै 1556 रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज (1869) याच संघानं स्थापन केलेलं.

मित्रांनो, आपल्या वर्गातही एखादं मूल एक गुण कमी पडला म्हणून जेवत नाही, रात्र रात्र जागतं. आपण कौतुक करतो, किती जिद्दी आहे म्हणून! जरा थांबून विचारूया. या त्रासातून कोणाचं भलं होतंय? मूल यातून शिकतंय, की फक्त स्वतःला शिक्षा करतंय? शिक्षाच करत असेल, तर त्या धर्मगुरूंनी केलं तेच आपण करायचं. आधी त्याला जेवायला बसवायचं.